रोज अडकणारी रक्कम

४ मार्च

प्रिय कॅशियरबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं असेल. घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनच करणार होते, पण फोनवर मी विचारते "कशी आहेस", तू म्हणतेस "बरी आहे", आणि मग आपण दोघी गप्प. त्यापेक्षा हे बरं. नाहीतरी आपलं निम्मं बोलणं चिठ्ठ्यांवरच व्हायचं. बँकेत उशीर झाला की तू रात्री मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी सरकवून ठेवायचीस, "दूध तापवलंय, मांजराने नाही मीच थोडं प्यायले." मी सकाळी वाचून एकटीच हसायचे.

तुझं आणि आमच्या चिरंजीवांचं जे काय झालं ते तुमच्या दोघांत झालं. त्याला तीन वर्षं होतील आता. तुझ्यामाझ्यात कुठला घटस्फोटाचा कागद झालेला नाही, म्हणून हक्काने लिहिते.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. चिरंजीवांनी आम्हाला बोटीच्या सफरीची तिकिटं पाठवलीत. बोट कसली, चित्र बघितलं तर आपल्या गल्लीतल्या सगळ्या इमारती एकावर एक ठेवून पाण्यात सोडल्यासारखी आहे. तिकिटांबरोबर एक क्रेडिट कार्डही आलंय. चिरंजीवांच्याच कार्डाचं ते जोडकार्ड. सोबतच्या माहितीत लिहिलंय की बोटीवर चढताना कार्ड द्यावं लागेल आणि त्यावर "ठरावीक रक्कम होल्ड केली जाईल."

म्हणजे काय गं? आम्ही काही घ्यायच्या आधीच पैसे कापणार? चिरंजीवांना विचारलं तर म्हणाले, "आई, ते आपोआप होतं, तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस." ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "आपल्या कॅशियरबाईंना विचार की, संध्याकाळी." तेव्हा विचारतेय.

वर्कशॉप आता कुलूप लावून बंद आहे. चष्म्याच्या काचा घासायच्या चाकाचा आवाज नसला की दुपार फार लांबते. तुला आठवतं, तू नवी आलीस तेव्हा तुला वाटलं होतं खाली कुणीतरी पीठ दळतंय?

तुझी,
आई

९ मार्च

तीर्थरूप आई,

मायना काय लिहावा यातच बराच वेळ गेला. "काकू" लिहून बघितलं आणि खोडलं. तुम्हाला चालत नसेल तर सांगा.

पत्र बँकेत आलं. मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. पीठ दळण्याचं मी विसरले होते! पहिल्या दिवशी मी बाबांना विचारलं होतं, "खाली गिरणी आहे का?" आणि बाबा तोंड अगदी गंभीर करून म्हणाले होते, "हो, आम्ही काचेचं पीठ काढतो." मी आठवडाभर ते खरं मानत होते.

आता होल्डचं. घाबरण्यासारखं काही नाही. बाबा दुकानात काय करायचे ते आठवा. गिऱ्हाईकाला एखादी फ्रेम आवडली, पण नंबर तपासायचा राहिला असेल, तर ते ती फ्रेम नावाची चिठ्ठी लावून खालच्या ड्रॉवरमध्ये बाजूला ठेवायचे. फ्रेम दुकानातच असायची, विकलेली नसायची, पण दुसऱ्या कुणाला दाखवायचीही नाही. होल्ड म्हणजे तेवढंच. बोटवाले बँकेला सांगतात की एवढी रक्कम आमच्यासाठी बाजूला ठेवा. पैसे कुठे जात नाहीत. फक्त तेवढ्यापुरते तुम्हाला दुसरीकडे वापरता येत नाहीत.

बोटीवर रोख चालत नाही. खोलीची किल्ली म्हणजे एक प्लॅस्टिकचं कार्ड असतं, दोघांना दोन मिळतील. चहा, दुकान, केस कापणं, काहीही घेतलं की तेच कार्ड दाखवायचं आणि ते खोलीच्या खात्यावर लिहिलं जातं. खर्च वाढला की ते आणखी रक्कम बाजूला ठेवतात. शेवटच्या दिवशी जो खरा आकडा निघेल तेवढाच घेतात आणि बाकीचं सोडतात. मात्र सोडलेलं दिसायला बँकेला काही दिवस लागतात, तोवर एकच खर्च दोनदा लागल्यासारखा वाटतो. तेव्हा ओरडायचं नाही.

दोन गोष्टी मात्र पाळा. बचत खात्याचं डेबिट कार्ड त्यांना अजिबात देऊ नका. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा अडकते, डेबिटवर आपले खरे पैसे अडकून बसतात. आणि बंदरावर उतरताना थोडी रोकड जवळ ठेवा, कारण होल्ड वाढला की बाहेर कार्ड चालेलच असं नाही.

मी बरी आहे. या वयात पोहायला शिकतेय, हसू नका. मास्तर म्हणतात मी पाण्याशी भांडते. आमच्या मास्तरांचा आवाज एवढा हळू आहे की ऐकण्यासाठी तरी कडेला यावं लागतं. काल पहिल्यांदा मधल्या दोरीपर्यंत गेले, तर मास्तरांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

बाबांचं "संध्याकाळी विचार" वाचून फार हसले. चेष्टा करायची सवय गेली नाही म्हणायची!

तुमची,
कॅशियर (आता लोन विभागात आहे, पण बाबांना सांगू नका)

२ एप्रिल, बोटीवरून

प्रिय कॅशियरबाई,

हे पत्र मी सातव्या मजल्यावर एका गोल खिडकीशी बसून लिहितेय. बाहेर नुसतं पाणी. लोक म्हणतात केवढा देखावा, पण मला सकाळपासून तीच ती निळी चादर वाळत घातलेली दिसतेय. जेवण मात्र इतकं की पाहूनच पोट भरतं. पहिल्या दिवशी सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालून ओळीत उभं केलं. हे त्या जाकिटात एवढे गोंडस दिसत होते की मी फोटो काढला.

हे मजेत आहेत. खोली सापडत नाही कधीकधी, पण बोटीत सगळे दरवाजे सारखेच, कुणीही चुकेल. मी आपला दाराच्या मुठीला निळा रुमाल बांधून ठेवलाय. सकाळी नाश्ता झाला की हे एकटेच फेरी मारायला जातात आणि शीळ घालत परत येतात. इतकी वर्षं दुकान, वर्कशॉप आणि वरचा जिना यातच गेली. आता वाटतं, आधीच कुठेतरी जायला हवं होतं आपण. एकदा चौघांचं ठरलं होतं, आठवतं? तू सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवून वेळापत्रक केलंस आणि नेमकं तेव्हाच खालच्या दुकानाचं छत गळायला लागलं. मग चार दिवस आपण बादल्या आणि फ्रेमा उचलत होतो. ह्यांनी गच्चीवर सतरंजी टाकून म्हटलं, "ही घ्या तुमची सहल." किती हसलो होतो त्या सतरंजीवर.

आता मुद्द्याचं. तू सांगितल्याप्रमाणे पहिल्या दिवशी रक्कम बाजूला ठेवली, ते कळलं. पण काल बंदरावर चिरंजीवांचा निरोप आला, "आई, रोज नवीन रक्कम अडकतेय, मर्यादा संपत आली, काय घेताय एवढं?" रोज! आणि त्याच बंदरावर चहाचे पैसे द्यायला कार्ड दिलं तर ते चाललं नाही. तुझं ऐकून रोकड नेली होती म्हणून अब्रू वाचली. हे बिचारे शांतपणे चहात साखर ढवळत होते, ढवळतच राहिले.

बोटीवर आल्याबरोबर डेस्कवर गेले. गळ्यात रुमाल बांधलेली एक पोरगी असते तिथे. मी म्हटलं, "बाई, आम्ही पाण्याच्या बाटलीशिवाय काही घेतलेलं नाही. तुम्ही कशाचे पैसे अडकवता?" ती हसून म्हणाली, "मॅडम, तुमच्या खात्याचा कागद छापून देऊ का?" मी म्हटलं, "तुमचा कागद तुमच्याजवळ ठेवा," आणि तरातरा निघून आले. वाटेत मीच खोली चुकले.

तू काय ते सांग. सोबत बोटीचा ईमेल लिहिलाय. त्यावर पाठवलंस तर छापून खोलीत देतात म्हणे. तीच पोरगी देणार, पण इलाज नाही.

तुझी,
आई

७ एप्रिल

तीर्थरूप आई,

पत्र आजच मिळालं, लगेच लिहितेय. आधी डेस्कवरच्या त्या मुलीशी गोड बोला. इतकी वर्षं काउंटरच्या आत बसून सांगते, "तुमचा कागद तुमच्याजवळ ठेवा" ऐकलं की दिवसभर जेवण जात नाही.

पहिला होल्ड मोठा असतो, तो समजू शकतो. रोजची टिप वगैरे लागते, ती किरकोळ. पण रोज चांगली भरीव रक्कम नव्याने अडकत असेल, तर एकच अर्थ होतो. दोनपैकी एका किल्लीवर कुणीतरी रोज काहीतरी विकत घेतंय. बोट उगाचच्या उगाच होल्ड वाढवत नाही. तुमच्या दोघांच्या किल्ल्या तुमच्याजवळच असतात ना? बाबा फेरीला जातात तेव्हा त्यांची किल्ली कुठे ठेवतात? कुणी गोड बोलून हातातून घेत तर नाही? ते कुणावरही विश्वास ठेवतात. दुकानात लोक "उद्या देतो" म्हणून चष्मा घालून जायचे आणि बाबा म्हणायचे, "जाऊ दे, नीट दिसेल तर नीट वागेल."

तो कागद मागून घ्या. त्यात दुकान, वस्तू, वेळ सगळं असतं. चोरी असेल तर लगेच किल्ली बंद करता येईल. चिरंजीवांना म्हणावं आरडाओरड करू नका, शेवटी खरं काय ते एकदाच लागेल.

गच्चीवरच्या सतरंजीचं वाचलं आणि घरी चालत आले, रिक्षा केली नाही. बाबांनी त्या दिवशी अंधारात सगळ्यांचे डोळे तपासले होते, "त्या ताऱ्याच्या बाजूचा बारका तारा दिसतो का?" मला दिसत नव्हता, पण मी दिसतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझा नंबर काढला होता त्यांनी.

आता मी दोरीच्या पलीकडे जाते. मास्तर म्हणतात, पुढच्या महिन्यात खोल पाण्यात.

तुमची,
कॅशियर

१० एप्रिल (बंदराचं चित्र असलेलं कार्ड)

कॅशियरबाई, हिशेब लागला. चोरी नाही, चूक नाही. डेस्कवरच्या पोरीला सॉरी म्हटलं. तू आता कशाची काळजी करू नकोस. हवा चांगली आहे.
— आई

२३ एप्रिल

तीर्थरूप आई,

तुम्ही परत येऊन आठवडा झाला असेल. अडकलेल्या रकमा एव्हाना सुटल्या असतील. नसतील तर चिरंजीवांना बँकेत फोन करायला सांगा, आपणहून विचारलं की लवकर सुटतात.

तुमचं कार्ड मी दहा वेळा वाचलं. चार ओळींत तुम्ही कधी काही लिहिलं नाहीत. मिठाच्या बरणीखालची चिठ्ठीसुद्धा याहून मोठी असायची. न राहवून परवा घरी फोन केला. बाबांनी उचलला. मी "हॅलो" म्हणायच्या आत म्हणाले, "कॅशियरबाई अजून आल्या नाहीत," आणि ठेवून दिला. ती चेष्टा होती की राग, मला कळलं नाही. चेष्टा असती तर ते हसले असते ना?

तेव्हा मला वाटतं, तुम्हाला कुणाकडून तरी कळलंय, आणि माझ्याकडून कळलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटलंय. ते साहजिकच आहे. आई, आमच्या पोहण्याच्या मास्तरांनी मला लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं. तुम्हाला सगळ्यांत आधी सांगायचं होतं. दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. तुमच्या घरात मी सून म्हणून आले, तिथे हे पत्र कुठल्या तोंडाने पाठवू, असं वाटायचं. माणूस साधा आहे. माझं मागचं सगळं त्यांना ठाऊक आहे. तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय की ते काचेच्या पिठाबद्दलसुद्धा विचारतात.

रागावला असाल तर रागवा, पण गप्प राहू नका.

तुमची,
कॅशियर

२८ एप्रिल

प्रिय कॅशियरबाई,

वेडी आहेस. राग कसला? तुझ्या पहिल्याच पत्रात ते मास्तर दोन ओळींआड येत होते. मी काही आंधळी नाही, चष्म्याच्या दुकानात जन्म गेलाय माझा. वाईट वाटलं का विचारशील तर, हो, वाटलं. एक संध्याकाळ. तुझी जुनी खोली झाडून घेतली, खिडकी उघडी टाकली आणि बसून राहिले. मग मनात आलं, पोरगी या वयात पाण्यात उतरली, तिथे आपण काय कुढत बसायचं! आता बरं वाटतंय. खरंच.

पण त्या चार ओळींचं कारण ते नव्हतं. आता सगळं लिहिते.

तुझा ईमेल त्या पोरीने आणून दिला, त्या दिवशी मी कागद मागायला खाली गेलेच नाही. तुझं ते वाक्य मनात अडकलं होतं, "बाबा किल्ली कुठे ठेवतात?" दुसऱ्या दिवशी सकाळी हे फेरीला निघाले तशी मी मागे मागे गेले. ज्या माणसाला स्वतःची खोली सापडत नव्हती, तो सरळ दोन जिने उतरून डावीकडे वळून थेट दुकानात गेला. गॉगलच्या काउंटरवर. एक फ्रेम उचलली, उजेडाकडे धरली, मग काचेवर उलटी ठेवून दोन्ही काड्या सारख्या टेकतात का ते पाहिलं. अगदी आपल्या दुकानात पाहायचे तसं. मी खांबाआड उभी होते आणि मला वाटलं, मी खाली चहा घेऊन आलेय.

तिथला मुलगा म्हणाला, "सर, नेहमीचाच ना?"

हे म्हणाले, "आमच्या कॅशियरबाईंना स्कूटरवरून बँकेत जावं लागतं. सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. मोठी फ्रेम देऊ नका, नाक बारीक आहे, घसरते." आणि किल्ली पुढे केली.

मी पुढे झाले. तो मुलगा मला बघून एकदम खूश. म्हणाला, "मॅडम, सर रोज एक नेतात. मला वाटलं, तुम्हाला बऱ्याच सुना असतील."

मी हसले गं. कशी हसले कोण जाणे.

खोलीत येऊन कपाट उघडलं. नारिंगी जाकिटांच्या मागे डबे रचून ठेवले होते. सगळे एकसारखे, तीच फ्रेम, तेच माप. मला दिसू नयेत म्हणून लपवले होते. लपवायचं लक्षात राहत होतं, घेतल्याचं राहत नव्हतं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर बाकावर बसलो तेव्हा मी हळूच विचारलं, "कॅशियरबाई आता आपल्याकडे राहत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

त्यांनी पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बदली झाली का?"

मी म्हटलं, "हो. बदली झाली."

"मग गॉगल पोस्टाने पाठवू," म्हणाले आणि माझ्या शालीचं टोक उडत होतं ते नीट खोचून दिलं.

तुला खरं सांगते, हे एका दिवसात झालेलं नाही. वर्षभर मी बघत होते. दुकान बंद करायच्या आधी दोनदा डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली होती. मी गिऱ्हाईकाला म्हटलं, माझ्या हातून डबे बदलले. घरी कुणी आलं की मीच पुढे होऊन बोलायचे, म्हणजे ह्यांना नाव घ्यायची वेळ येऊ नये. तुलाही मी "मजेत आहेत" लिहिलं. लिहिताना मला स्वतःलाही ते खरं वाटत होतं.

डबे परत केले. त्या मुलाने एकेक मोजून घेतला. खात्यावरून लगेच गेले, पण अडकलेली रक्कम चिरंजीवांना पुढेही काही दिवस दिसत होती, तू सांगितलं होतंस तसं. त्यांनी परत विचारलं तेव्हा मी बंदरावरून फोन करून सगळं सांगितलं. मग म्हणाले, "आई, मी इथे बसून तुझ्यावर ओरडत होतो." पुढच्या आठवड्यात येतायत, डॉक्टरांकडे नेणार आहेत.

एक गॉगल मात्र मी परत केला नाही. तो तुझा आहे, पार्सलने पाठवलाय. नाकावरून घसरणार नाही याची खात्री दुकानदाराने स्वतः केलेली आहे.

आणि हे बघ, लग्नाचं ह्यांना मी सांगणार नाही. तू येऊन सांग. काय समजेल, किती समजेल, मला माहीत नाही. पण तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझी,
आई

६ मे

तीर्थरूप आई,

काल तुम्ही औषधं घेऊन आलात तेव्हा आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो. तुम्ही विचारलंत, "काय बोलत होतात?" आणि मी म्हटलं, "असंच." नंतर तुम्ही चहाला लागलात, मग शेजारच्या आल्या, आणि मला शेवटच्या बसने निघावं लागलं. समोर बोलता आलं नसतंच. म्हणून लिहिते.

तुमच्या पत्रानंतर मी मनाची सगळी तयारी करून आले होते. तरी वाटत होतं, मला बघितल्यावर ओळखतील. मला कसे नाही ओळखणार? जिना चढताना मी मुद्दाम पूर्वीसारख्या दोन-दोन पायऱ्या घेतल्या.

बाबांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, तसेच. म्हणाले, "कोण हवंय आपल्याला?"

"आपल्याला," आई. मला पूर्वी ते "काय गं" म्हणायचे.

मी काय बोलणार होते ते सगळं विसरले. म्हटलं, "आई आहेत का?"

"खाली गेली आहे, येईल आता. या ना, बसा." मला गॅलरीतल्या खुर्चीवर बसवलं, पाणी आणून दिलं. मग समोर बसून माझ्याकडे बघायला लागले. पण ते चेहऱ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "तुमची डावी काडी सैल आहे. द्या इकडे." चष्मा काढून दिला. बोटांनी दाबून, वाकवून, फडक्याने पुसून परत दिला. म्हणाले, "कुणी केलाय? काम चांगलं आहे." मी म्हटलं, "आमच्या जुन्या घराजवळ एक दुकान होतं." "हं," म्हणाले, "अशी माणसं राहिली नाहीत आता."

मला हसू आणि रडू एकदम आलं, मी खाली रस्त्याकडे बघितलं. तर ते म्हणाले, "आमच्या सूनबाईही येतील आता, बँक सुटायची वेळ झाली. तुमचं काही काम होतं का त्यांच्याकडे?"

मी म्हटलं, "हो. एक बातमी द्यायची होती. चांगली."

"मग बसा. चांगली बातमी समोरासमोरच द्यावी."

आणि आई, मी बसले. पाऊण तास आम्ही दोघं तिची वाट बघत बसलो होतो.

ते तिच्याबद्दल सांगत होते. किती सांगत होते! नोटा मोजून मोजून तिच्या बोटांना भेगा पडायच्या, तर तिच्यासाठी ते काचेवर लावायचं मऊ तेल डबीत काढून ठेवायचे. ती हिशेबात कधी चुकत नाही, पण भाजीत मीठ हमखास विसरते. घरात ती आली तेव्हापासून आमची ही मोठ्याने हसायला लागली, त्याआधी तोंडावर पदर धरून हसायची. हे तुम्हाला माहीत होतं का, आई? मला नव्हतं.

मग स्कूटरचं सांगितलं. मी स्कूटर शिकत होते तेव्हा ते मागे धरून पळायचे, आणि मी सारखी ओरडायचे, "सोडू नका, बाबा!" एवढंच मला ठाऊक. ते म्हणाले, "एक दिवस मी कोपऱ्यावर सोडली. तिला कळलंच नाही, गेली आपली सरळ. मी तिथेच उभा. वळून परत दिसेपर्यंत माझा जीव जिवात नव्हता. तिला सांगितलं नाही कधी, पुन्हा घाबरेल म्हणून. आता तर रोज तेवढ्या गर्दीतून जाते." माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "तुम्हीही सांगू नका."

मी म्हटलं, "नाही सांगणार."

एवढ्यात रस्त्यावर एक स्कूटर थांबली. ते लगबगीने उठले, कठड्यावरून वाकून बघितलं. दुसरंच कुणीतरी होतं. परत येऊन बसले. उन्हं उतरली होती. मला राहवलं नाही. विचारलं, "आणि आज ती आलीच नाही तर?"

बाबा माझ्याकडे बघून असे हसले, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

"असं कसं?" म्हणाले. "कितीही उशीर होऊ दे, जेवायला घरीच येते ती."

तेवढ्यात जिन्यात तुमची पावलं वाजली.

आई, रविवारी मी जेवायला येतेय. मास्तरांनाही आणते. बाबा त्यांना कोण म्हणून भेटतील आणि मला कोण म्हणून, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. फक्त स्वयंपाक तुम्ही एकट्या करत बसू नका. भाजी मी करेन, मीठ तुम्ही घाला.

तुमची,
कॅशियरबाई